झाडावरील पाटी

फ्रान्स देशाच्या नॉर्मंडी प्रांतात आलूव्हील-बेलफॉस नावाचे एक खेडे आहे. तेथील ख्रिस्तमंदिराशेजारी ओक जातीचा एक प्रचंड वृक्ष उभा असून दूरदूरचे लोक तो पाहावयास जातात. आपल्याकडे वडाचा जो मान, तोच तिकडे ओकचा. परंतु वडास पारंब्यांचा आधार असतो. मूळ खोड गेले तरी पारंब्यांची खोडे त्यास तोलून धरितात. ओकास एकच खोड. ते गेले म्हणजे सर्व गेले.

ह्या वृक्षाचे वय गावकरी हजार वर्षांचे सांगतात. जाणत्यांपैकी कित्येक त्यातून शेदोनशे वर्षे वजा करितात. बुंध्याचा घेर सुमारे पंधरा मीटर आहे. फार पूर्वी वीज पडून त्याचा गाभा जळून गेला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील पाळकाने त्या पोकळीत मरीयेच्या नावाने एक लहानसे प्रार्थनास्थान केले. पुढे त्याच्यावर दुसरी खोली झाली, आणि बुंध्याला वळसा घालून वर जाणारा लाकडी जिना बांधण्यात आला. (मरीयेच्या नावाचे प्रार्थनास्थान आपल्या मंडळ्यांस रुचणार नाही हे खरे; पण आजचा प्रश्न तो नव्हे.) जेथे साल गळून पडली तेथे आता लाकडी फळ्यांचे कवच बसविले आहे, आणि फांद्यांस टेकू दिले आहेत. तरी झाडास पालवी फुटते. ह्यात चमत्कार नाही. निरोगी ओकाचाही मधला गाभा मृतच असतो; जीवनरस वाहतो तो बाहेरच्या कोवळ्या वलयांतून व सालीच्या आतील थरातून.

आता मुद्द्याकडे येऊ. इ. स. १७८९ साली फ्रान्सात राज्यक्रांती झाली, आणि १७९३ च्या सुमारास तिचा रोख धर्मस्थानांकडे वळला. पॅरिसचे नोत्र-दाम हे थोरले मंदिरसुद्धा त्या वर्षी ‘बुद्धीचे मंदिर’ झाले. त्या धामधुमीत एक जमाव हा वृक्ष जाळावयास आला. तेव्हा गावच्या शाळामास्तरांनी त्याच्यावर ‘बुद्धीचे मंदिर’ ह्याच शब्दांची पाटी लावली; जमावाने ती वाचली व तो परत गेला, अशी हकिकत तेथे सांगतात.

मास्तरांनी केले ते योग्य की अयोग्य? ‘झाड वाचले ना, मग झाले,’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. ज्याने गावच्या मुलांस अक्षर ओळखावयास शिकविले, त्यानेच अक्षरांकरवी लोकांस फसविले. पाटीवरील शब्दावर विश्वास ठेवता येतो, ह्या भरवशावर शाळा चालते, बाजार चालतो, न्यायकचेरीही चालते.

हा प्रश्न नवा नाही. मिसर देशात शिप्रा व पुवा ह्या सुइणींनी फारोस खोटे उत्तर देऊन इब्री बालके वाचविली, आणि देवाने त्यांचे कल्याण केले, असे शास्त्रात आपण वाचतो. ह्यावर ऑगस्तीनाने म्हटले की, देवाने प्रतिफळ दिले ते त्यांच्या दयेस, खोट्यास नव्हे. झाडाच्या प्रसंगानंतर थोड्याच वर्षांनी, १७९७ साली, बेंजामिन कोंस्तां ह्या फ्रेंच लेखकाचा व जर्मन तत्त्वज्ञ कांटचा ह्याच विषयावर वाद झाला. ज्याला सत्य ऐकण्याचा हक्क आहे त्यालाच ते सांगणे आपले कर्तव्य, असे कोंस्तांचे म्हणणे. कांटने ते साफ नाकारिले. मारेकरी दाराशी येऊन आपला मित्र घरात आहे काय असे विचारील, तरी त्याच्याशीही खोटे बोलू नये, असा त्याचा निर्णय.

कांटचा हा निर्णय मला कागदावर निर्दोष व दारात उभे राहिल्यावर निष्ठुर वाटतो. पण कोंस्तांची वाटही निसरडी आहे. हक्क कोणाला आहे हे ठरविणार कोण? जो खोटे बोलणार तोच! असा पंच मिळाल्यावर कोणता लबाड हरेल?

म्हणून मी दुसरेच काही पाहतो. पाटी काढून टाकावयास एक हात पुरतो. जळलेला ओक पुन्हा उभा करावयास आठ शतके लागतात. हे एक. परंतु ह्याहून अधिक वजनाची गोष्ट मला ही वाटते, की त्या खोट्याचा भार कोणी उचलिला? दुकानदार वजनात मारितो तेव्हा लाभ त्याचा व तोटा गिऱ्हाइकाचा. येथे मास्तरांचा स्वतःचा लाभ काही नव्हता, आणि कपट उघडकीस आले असते तर जमावाने प्रथम त्यांनाच धरले असते. त्या काळात तेवढ्यावरून माणसाच्या प्राणावर बेतू शकत होते. शिवाय ‘तुझा विश्वास कशावर आहे?’ असे त्यांना कोणी विचारले नव्हते. तसे विचारले असते व त्यांनी पाटीवरचेच उत्तर दिले असते, तर मी त्यांची बाजू घेतली नसती. झाडास तोंड नाही, पाय नाहीत; ते साक्षही देऊ शकत नाही व पळूही शकत नाही. माणसाची गोष्ट निराळी.

इतके म्हणूनही शाळेतील त्या मुलांचा प्रश्न राहतोच. आत काय आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि बाहेर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत होते. वाचावयास कोणी शिकविले, हेही ती जाणत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या मुलाने हात वर करून विचारले असेल, तर मास्तरांस जमावापेक्षा ते उत्तर जड गेले असेल, असे मला वाटते.

१९३२ साली फ्रेंच सरकारने ह्या वृक्षास संरक्षण दिले. दर वर्षी १५ ऑगस्टला लोक अजूनही तेथे जमतात, आणि जिवंत राहिलेल्या बाजूच्या फांद्या त्यांच्या डोक्यावर सावली धरितात.