टाळी आणि तालीम

दिव्यांग मुलांना मंचावर संधी मिळावी, याबद्दल आता फारसं कुणाचं दुमत नसतं. पण संधी दिल्यावर त्यांची चूक झाली तर? ती पोटात घालावी की दाखवून द्यावी? जळगावच्या एका आंतरशालेय बैतबाजीत हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. धुळ्याहून मी तिथं परीक्षक म्हणून गेलो होतो.

समोरचा शेर ज्या अक्षरावर संपेल, त्याच अक्षरानं आपला शेर सुरू करायचा, हा बैतबाजीचा नियम. कान, आवाज आणि पाठांतर यांचा हा खेळ. एका संघात एक अंध मुलगी होती. शेर तिच्या ओठांवरच असायचे. समोरच्या संघाचा शेर 'मर्ज' या शब्दावर संपला. तिनं लगेच 'जिंदगी'नं सुरू होणारा शेर म्हटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मात्र उर्दूत या 'ज'चा उच्चार एक असला, तरी अक्षरं चार आहेत: जाल, जे, ज्वाद आणि जोय. 'मर्ज'च्या शेवटी ज्वाद येतो, 'जिंदगी'च्या सुरुवातीला जे. शेर बाद होता. त्याआधी दोन मुलांना मी अशाच चुकीवर थांबवलं होतं. तिला थांबवलं नाही. तिचा संघ जिंकला.

नंतर कुजबूज तिच्या कानावर गेली. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, औरों को टोका, मुझे क्यों नहीं टोका?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याला मी रहम समजत होतो, ती नाइन्साफी होती. हरलेल्या संघावर तर होतीच, पण तिच्यावर अधिक. मी तिला स्पर्धक मानलंच नव्हतं.

मदीनेत हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) अंध असूनही मुअज्जिन होते. हजरत बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, त्यानंतरही लोक सहरी करीत. हात थांबत ते इब्न उम्मे मकतूम यांच्या अजानवर. पहाट झाल्याचं त्यांना कुणीतरी सांगत असे. मदत एवढीच. अजान त्यांची आणि जबाबदारीही पूर्ण त्यांची.

आपल्याकडे स्वागत थोरात यांनी ८८ अंध कलावंतांना घेऊन 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हे नाटक केलं. इतकी माणसं मंचावर वावरतात ती प्रेक्षकांच्या दयेवर नव्हे, तालमीवर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा हक्क मानला आहे. तो हक्क मंचापुरता नाही, तालमीचाही आहे.

मराठीत तालीम म्हणजे सराव, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शब्द एकच. उर्दू ब्रेलमध्ये ती चारही अक्षरं वेगवेगळी आहेत. त्या मुलीकडून शेर ऐकवून पाठ करून घेतले होते, अक्षरं मात्र कुणी तिच्या बोटांखाली ठेवली नव्हती. चूक तिची कमी, आम्हा शिक्षकांची जास्त. मी टोकलं असतं, तर ही उणीव त्याच दिवशी सर्वांसमोर आली असती. टाळ्यांनी ती झाकून टाकली.