भिंतीवरचा सेनापती

स्पेनच्या यादवी युद्धातली भित्तिपत्रके चाळताना मी आधी सेनापती शोधतो. १९३६मध्ये बार्सिलोनाच्या आणि माद्रिदच्या भिंतींवर प्रजासत्ताकाच्या बाजूने जी पत्रके लागली, त्यांत तो चटकन सापडत नाही. मूठ सापडते, बंदूक सापडते, विळा सापडतो. पेरे काताला पिकच्या गाजलेल्या पत्रकात तर अख्खा माणूसही नाही. कातालान शेतकऱ्याची दोरीच्या तळाची वहाण घातलेला एक पाय, आणि त्याच्याखाली तडकलेले स्वस्तिक. चित्रकारांतले बरेच जण कामगार संघटनांचे सभासद होते. त्यांच्या लेखी लढत होती ती जनता, आणि जनतेला नाकडोळे कुणाचे लावायचे?

पलीकडे, प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या बंडखोर सेनानींच्या बाजूला, ही पंचाईत नव्हती. बंडाचा म्होरक्या ठरलेला सानखुर्खो जुलै १९३६मध्येच विमान अपघातात गेला; बंडाची आखणी करणारा मोलाही पुढच्या जूनमध्ये तसाच गेला. मधल्या काळात, १ ऑक्टोबरला, बुर्गोसमध्ये फ्रँकोने सारी सूत्रे हाती घेतली होती. ठेंगणा, पोट सुटलेला, बायकी म्हणून टवाळी व्हावी अशा पातळ आवाजाचा माणूस. पण तसबिरीला उंची नसते आणि आवाजही नसतो. सारागोसाच्या खालोन आंखेल या छायाचित्रकाराने काढलेली त्याची छबी कचेऱ्यांत आणि शाळांत टांगली गेली. ‘एक देश, एक राज्य, एक कौदिलियो’ (म्हणजे नेता) ही घोषणा हिटलरच्या जर्मनीतून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली. युद्ध संपून दहा वर्षे होत आली, तेव्हा एका चित्रकाराने माद्रिदच्या लष्करी अभिलेखागारात त्याला थेट चिलखत चढवले आणि हाती तलवार दिली. अकराव्या शतकातल्या एल सिद या वीराचा हा नवा अवतार, असे लोकांनी समजायचे. ज्याच्या सैन्यात मोरोक्कोचे हजारो मुसलमान शिपाई होते, त्याने धर्मयोद्धा म्हणून मिरवावे, याचे त्या दरबारात कुणाला हसू आलेले दिसत नाही.

हे सगळे अपेक्षितच. हुकूमशहाची तसबीर हुकूमशहासारखी असते, त्यात उकलण्यासारखे फार नसते. मला अस्वस्थ करते ते प्रजासत्ताकाच्या बाजूचे एक चित्र.

बुएनाव्हेंतुरा दुर्रुती हा लेओनचा यंत्र-कारागीर. अराजकवादी. हजारोंची तुकडी घेऊन तो आरागोनच्या आघाडीवर गेला, पण त्याला हुद्दा नव्हता आणि तो हवाही नव्हता. बराकीतली शिस्त त्याला मान्य नव्हती. माणसाने स्वतःला लावून घेतलेली शिस्त मान्य होती. २० नोव्हेंबर १९३६ला तो माद्रिदमध्ये गोळी लागून मेला. गोळी कुणाची, हा वाद आजही मिटलेला नाही. बार्सिलोनात त्याच्या अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली आणि त्यानंतर तो भिंतीवर चढला. ज्या चळवळीला पुढारीच नको होते, तिने त्याला पुढारी केले. विजयासाठी बाकी सगळ्यावर पाणी सोडू, अशा अर्थाचे एक वाक्य त्याच्या नावावर छापले गेले. तो तसे बोलला होता का, यावर त्याचे सोबतीच पुढे भांडले. प्रजासत्ताकाच्या सरकारला स्वयंसेवकांच्या मिलिशिया मोडून शिस्तबद्ध सैन्य उभारायचे होते, आणि त्यासाठी हेच वाक्य सोयीचे होते. १९३८मध्ये त्याला मरणोत्तर लेफ्टनंट कर्नल करण्यात आले. जिवंतपणी त्याने ते पद घेतले नसते, असे मला खात्रीने वाटते. मेलेला माणूस नकार देऊ शकत नाही, म्हणून तर प्रचारखात्याचा त्याच्यावर इतका लोभ.

तोवर भिंतीही बदलल्या होत्या. जनरल मियाखा, लिस्तेर या प्रजासत्ताकाच्या सेनानींचे चेहरे आले. १९३७च्या शरदात माद्रिदच्या पुएर्ता दे अल्काला या दरवाजावर स्टालिनची भलीमोठी तसबीर झळकली. वहाणेतल्या बिननावाच्या पायाला भिंतीवर फार दिवस टिकता आले नाही.

या युद्धात आपल्याकडचे एक गृहस्थही होते. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह राहिलेले हे गृहस्थ लंडनला शिकायला गेले आणि तिथून आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमधून फ्रँकोविरुद्ध लढायला स्पेनमध्ये पोचले. १९३८मध्ये ते पकडले गेले. त्यांना बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठात डांबले. एल सिदची कबर पूर्वी याच मठात होती, आणि मठाच्या दारावर आजही तो दगडात कोरलेला, घोड्यावर स्वार आहे. त्या दाराआड कैद भोगलेल्या हुद्दारांचे ब्रिगेडमधले नाव होते जॉन स्मिथ.