‘सॉरी’चे माहेर

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या बिबवेवाडीच्या घरातून पाचशे रुपयांची एक नोट नाहीशी झाली. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी विचारले. नुसते विचारले, असे मी अजून म्हणतो; पण तो आवाज विचारणाऱ्याचा नव्हता, आणि सूनबाई समोर उभी होती. दोन दिवसांनी नोट माझ्याच झब्ब्याच्या खिशात सापडली. स्वयंपाकघराच्या दारातूनच मी म्हणालो, “सॉरी हं मावशी, नोट सापडली.” मावशींनी मान वर केली नाही. भांडी मात्र जरा जोराने वाजली.

मला रागच आला. ‘सॉरी’ म्हटले ना, आणखी काय हवे? मग, जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला जे सुचायचे तेच सुचले. मी कोश उघडला.

हा शब्द आपण कुठे कुठे वापरतो पाहा. बसमध्ये पायावर पाय पडला की सॉरी, नीट ऐकू आले नाही की शेवट उंचावून सॉरी, फोन भलत्यालाच लागला की सॉरी. इंग्रज माणूस तर कुणाच्या घरी मृत्यू झाला तरी हाच शब्द उच्चारतो, आणि तिथे त्याचा काडीचाही अपराध नसतो. याचे कारण शब्दाच्या माहेरी सापडते. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखणे, जखम; त्यावरून ‘सारिग’, म्हणजे व्यथित. तोच आजचा ‘सॉरी’. दुःख या अर्थाचा ‘सॉरो’ त्याची सख्खी बहीण वाटते खरी, पण तिचे कूळ निराळे. शेजारामुळे उच्चार जवळ आले, इतकेच. जर्मन भाषेत याच घराण्यातला एक शब्द आहे. त्याचाही अर्थ पूर्वी वेदना असाच होता. आज तो नुसता ‘फार’ या अर्थी उरला आहे! शब्दातले दुखणे असे झिजून जाते.

म्हणजे ‘सॉरी’ म्हणणारा मुळात एवढेच सांगतो, की मला वाईट वाटते आहे. समोरच्याकडे तो काही मागत नाही.

आपले शब्द तसे नाहीत. ‘माफ’ अरबीतून फारसीच्या वाटेने आला. शेतसारा माफ, फी माफ; माफ करणारा दुसरा कोणी असतो, आणि तो नाही म्हणू शकतो. ‘क्षमा’ शब्दात सोसणे आहे. संस्कृतात पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. आमच्या इमारतीत मार्केट यार्डातले एक जैन व्यापारी राहतात. संवत्सरीला त्यांच्याकडे ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात, म्हणजे माझे दुष्कृत मिथ्या होवो. हल्ली तेही मोबाइलवरून शंभर जणांना एकदम जाते, ही गोष्ट वेगळी. पण हे गृहस्थ अजून दारोदार जाऊन हात जोडतात. आपल्या गाळ्यावरच्या हमालापुढेसुद्धा.

त्यांची आठवण झाली आणि मी इंग्रजी शब्द का निवडला ते उमगले. ‘माफ करा’ म्हटले असते, तर निकाल मावशींच्या हाती गेला असता.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात आत गेलो.

“मावशी, माझं चुकलं. मला माफ करा.”

त्यांनी नळ बंद केला. पदराला हात पुसले.

“त्या दिवशी ताईंच्या देखत बोलला होतात, काका. आतापण त्यांना बोलवा.”

मी सूनबाईला हाक मारली.