भिंतीवाचून तुरुंग

बंगळूरच्या चिकपेट-नगरथपेट भागात सोने गाळणाऱ्यांची जी छोटी दुकाने आहेत, त्यांतली बरीच आपली सांगलीकडची माणसे चालवतात. आटपाडी, खानापूर, विटा ही त्यांची गावे. सराफाकडून आलेली मोड मुशीत घालायची, भट्टीत वितळवायची, तेजाबाने भेसळ काढायची आणि शुद्ध सोने तोलून परत द्यायचे, हा पिढीजात धंदा. दुकानातला केरही इथे फेकत नाहीत. त्यात सोन्याचे कण असतात. परमुलखातल्या माणसाच्या हाती लाखोंचा ऐवज निर्धास्तपणे सोपवला जातो, त्यावर हा सगळा व्यवहार चालतो.

याच आटपाडीच्या माळावर 1939 साली माणसांवर विश्वास टाकण्याचा याहून धाडसी प्रयोग झाला. खून केलेल्या कैद्यांना कुंपणाशिवाय ठेवण्याचा. आणि त्या प्रयोगामागचा माणूस आटपाडीला पोहोचला तो बंगळुरातूनच.

चिकपेटेतून चालत जाण्याच्या अंतरावर, शेषाद्री रोडवर, शहराचा जुना मध्यवर्ती तुरुंग होता. 2000 साली कैदी परप्पन अग्रहारला हलवले गेले आणि 2008 मध्ये त्या जागी ‘फ्रीडम पार्क’ हे उद्यान झाले. आज शहरातली धरणे-निदर्शने तिथे होतात. मधला टेहळणीचा मनोरा अजून उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथमने मांडलेल्या तुरुंगाच्या आराखड्याची आठवण हा मनोरा करून देतो. बेंथमचे म्हणणे असे, की आपल्यावर सतत कोणाची तरी नजर आहे असे कैद्याला वाटत राहिले, की तो आपोआप वळणावर येतो. आपल्याकडचा 1894 चा तुरुंग कायदाही याच वळणाचा. शिस्त, वर्गवारी, सक्तमजुरी आणि तुरुंगातल्या गुन्ह्यांना शिक्षा, यांवर त्याचा सारा भर होता. सुटल्यावर हा माणूस खाणार काय, हा प्रश्न तुरुंगाधिकाऱ्याच्या कामात बसतच नव्हता. 1919-20 च्या जेल कमिटीने पहिल्यांदा स्पष्टपणे सांगितले, की कैद्याला सुधारून समाजात परत पाठवणे हे तुरुंगाचे काम आहे. सांगितले, पण कसे करायचे ते दाखवणारा कोणी हवा होता.

मोरिस फ्रीडमन हा पोलंडचा ज्यू अभियंता. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळात तो बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्यात अधिकारी होता. पुढे तो गांधीजींच्या सहवासात आला, भारतानंद झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. औंधने 1939 मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली, त्यात फ्रीडमनचा मोठा वाटा होता. त्याच सुमारास त्याने राजाकडे कैदी मागितले. राजाने ते दिले, हेही तितकेच मोठे! संस्थानातल्या आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत उभी राहिली. तट नाही, मनोरा नाही. कैद्याने जमीन कसायची, बायकामुलांसह राहायचे.

बायकामुलांसह, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. चौदा वर्षांनी सुटलेल्या माणसाचे घर बहुधा मोडलेले असते; मुले त्याला ओळखत नाहीत, भावकीने शेत गिळलेले असते. पुनर्वसन म्हणून आपण जे सुटकेनंतर करू पाहतो, ते स्वतंत्रपुराने शिक्षेच्या पहिल्या टोकाला आणून ठेवले. संसार मोडूच द्यायचा नाही, म्हणजे तो पुन्हा उभारावा लागत नाही.

गदिमांचे माडगूळ गाव याच मुलखातले. त्यांच्या कथेवर शांतारामबापूंनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि स्वतंत्रपूर बर्लिनपर्यंत गेले. त्या चित्रपटातला जेलर सर्वांच्या लक्षात आहे. मला मात्र त्यातला बाजार आठवतो. सुधारलेले कैदी स्वस्तात भाजी विकू लागतात, तेव्हा त्यांच्यावर उलटतो तो तुरुंग नव्हे, बाहेरचा व्यापारी. गदिमांनी नेमके दुखणे पकडले होते.

नंतरचे पाव शतक खुल्या तुरुंगाची ही कल्पना अहवालांतून फिरत राहिली. मध्येच आणीबाणी आली. 26 जून 1975 ला संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात आलेले वाजपेयी, अडवाणी आणि आपले राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना अटक झाली आणि शेषाद्री रोडवरचा तो तुरुंग त्यांनी आतून पाहिला. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताई तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होत्या. नवरा एका राज्याच्या तुरुंगात, बायको दुसऱ्याच्या, आणि मध्ये सेन्सॉर झालेली पत्रे. कैद घरावर काय करते, हे त्या पिढीच्या पुढाऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. 1980 ते 83 या काळात न्यायमूर्ती मुल्ला समितीने देशभरातल्या तुरुंगांचा कसून अभ्यास केला.

आणि 1984 साली याच बंगळूरच्या तुरुंगातून राममूर्ती नावाच्या कैद्याने सरन्यायाधीशांना पत्र धाडले. तक्रारी साध्या होत्या: जेवण खाण्यालायक नाही, छळ होतो, कामाची मजुरी मिळत नाही. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. डिसेंबर 1996 च्या निकालात तुरुंगांचे नऊ प्रश्न मांडले गेले. गर्दी, रखडलेले खटले, मारहाण, आजार, अन्न, भेटीगाठी... आणि नववा प्रश्न खुल्या तुरुंगांचा. जेवणाच्या तक्रारीपासून निघालेला विचार स्वतंत्रपुरानंतर सत्तावन्न वर्षांनी पुन्हा आटपाडीच्या माळावर येऊन ठेपला.

तरी चित्र काय आहे? 2022 च्या अखेरीस देशात 1,330 तुरुंग होते, त्यांतले खुले फक्त 91. साडेपाच लाखांवर कैदी, आणि त्यांतले चारांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. खुल्या वसाहतीचे दार मात्र शिक्षा झालेल्या आणि वर्षानुवर्षे चांगले वागलेल्या कैद्यालाच उघडते. जातीवरून झाडूकाम आणि स्वयंपाक वाटून देणारे तुरुंग नियम रद्द व्हायला 2024 चा ऑक्टोबर उजाडावा लागला. स्वतंत्रपूर आजही आहे, पण अपवाद म्हणून. प्रशासनाला ते बक्षीस वाटते. ते रीत व्हायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

ज्याचे माणूस गेले, त्या घराचे काय, असा प्रश्न इथे कोणीही विचारील, आणि विचारलाच पाहिजे. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना रास्त मजुरी द्यावी असे सांगताना तिच्यातला काही भाग गुन्ह्याची झळ पोहोचलेल्यांसाठी बाजूला काढण्याची वाट दाखवली होती. कोठडीत बसून राहिलेला कैदी त्या घराला काहीच देऊ शकत नाही. शेत कसणारा देऊ शकतो.

सरकारचे काम इथपर्यंत. पुढचा भाग बाजाराचा. सुटलेल्या माणसाला नोकरी मागताना आधी पोलिसांचा दाखला आणायला सांगतात आणि गोष्ट तिथेच संपते. चिकपेटेत रेशमी साड्यांची घाऊक दुकाने आहेत, गठ्ठे बांधण्याची, माल पोहोचवण्याची, गोदामाची कामे आहेत. भट्टीवर किंवा तिजोरीपाशी पहिल्या दिवशी कोणी कोणाला बसवत नाही, तशी मागणीही नाही. पण आटपाडी-खानापूरच्या माणसांनी या पेठेत पत कमावली आहे आणि स्वतंत्रपूर त्यांच्याच शिवारात आहे. त्यांच्या संघटनांनी तिथल्या वसाहतीशी बोलून दरवर्षी सुटणाऱ्या दोन-चार जणांना तरी काम द्यावे. सुरुवात एका माणसापासून झाली तरी चालेल.