कांहीं न घडलेला दिवस

प्रवासवर्णनांत ज्या दिवसाची बोळवण ‘विशेष कांहीं घडलें नाहीं’ एवढ्या एका वाक्यांत होते, तो दिवस खरोखर फुकट गेला असें समजावें काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु आपलें बहुतेक आयुष्य असल्याच दिवसांचें बनलेलें असतें, त्यामुळें तो विचारांत घेणें बरें.

इंग्लंडांत आल्फ्रेड वेनराइट या गृहस्थांनीं पश्चिम किनाऱ्यावरील सेंट बीजपासून पूर्व किनाऱ्यावरील रॉबिन हूड्स बेपर्यंत सुमारें १९० मैलांची एक पायवाट आंखली व तिची मार्गदर्शिका १९७३ सालीं प्रसिद्ध केली. आरंभीं सरोवरांचा डोंगराळ प्रदेश, शेवटीं जांभळ्या फुलांच्या झुडुपांनीं झांकलेले नॉर्थ यॉर्कचे माळ. मधल्या सपाटीवर मात्र, रिचमंड ते इंगलबी क्रॉस या सुमारें २३ मैलांत, बहुतेक शेतेंच शेतें. खुद्द वेनराइट यांनाही हा भाग नीरस वाटला होता, आणि पुष्कळ वाटसरू तो मान खालीं घालून एका दिवसांत उरकून टाकतात. आम्हीं त्याचे दोन दिवस केले. त्यांपैकीं डॅनबी विस्क या खेड्यापासून पुढच्या नऊएक मैलांचा दिवस हा आमचा येथला विषय.

त्या दिवशीं आम्हीं काय पाहिलें? गहूं, बार्ली, कांटेरी झुडुपांचीं कुंपणें, तीं ओलांडावयाच्या लाकडी पायऱ्या, एक लोहमार्ग, पुन्हां गहूं. अशा एकांतांत निसर्गाशीं तादात्म्य होतें असें म्हणतात. आमचें झालें नाहीं. दुपारपर्यंत डाव्या टांचेवरील फोडाचा आणि सायंकाळच्या चहाचा विचार आम्ही आळीपाळीनें करीत होतों, आणि तिसऱ्या प्रहरीं आम्हांस चक्क कंटाळा आला. कंटाळ्याला अध्यात्माचा मुलामा देणारे लेखक आम्हांस पटत नाहींत. तेव्हां या दिवसाचें मोल ठरवावयाचें तर वाटसरूचें अंतःकरण सोडून शेतांकडेच पाहिलें पाहिजे.

ही सपाटी पूर्वीपासून अशी निवांत नव्हती. या वाटेपासून थोड्याच मैलांवर, नॉर्थॅलर्टन गांवाच्या उत्तरेस, २२ ऑगस्ट ११३८ रोजीं स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याच्या सैन्याशीं इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांनीं एका गाड्यावर डोलकाठी उभारून तिला संतांचीं निशाणें बांधलीं होतीं, म्हणून निशाणाची लढाई या नांवानें ती इतिहासांत राहिली. कांहीं तासांतच स्कॉटिश फळी मोडली. त्या वर्षीं उत्तर इंग्लंडांतील गांवें लुटलीं व जाळलीं गेलीं, माणसें धरून नेलीं गेलीं. इतिहासकाराच्या लेखीं काळ मोठा भरगच्च! पण तेथल्या शेतकऱ्यानें आमच्या या नीरस दिवसासाठीं काय दिलें नसतें? दिवसाची किंमत त्याविषयीं मागाहून किती सांगतां येतें यावरून ठरविणें ही श्रोत्यांची सोय आहे. ज्याला तो दिवस काढावयाचा असतो त्याचें माप निराळें.

शिवाय हा निवांतपणा आपोआप उगवलेला नाहीं. मोकळ्या माळांवर फिरतां यावें म्हणून १९३२ सालीं डर्बीशरमधील किंडर स्काउटवर मनाई मोडून शिरलेल्यांपैकीं पांच तरुणांना तुरुंगांत जावें लागलें. १९४९ च्या कायद्यानें सार्वजनिक पायवाटा नकाशांत नोंदविण्याचें काम काउंटी कौन्सिलांकडे दिलें. १९९० च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, शेतांतून आडव्या जाणाऱ्या पायवाटेवर नांगर फिरला तर चौदा दिवसांच्या आंत ती पुन्हां चालण्याजोगी करून द्यावी, व तिची रुंदी निदान एक मीटर ठेवावी. बांध कोरल्यावरून सख्ख्या भावांत वर्षानुवर्षें दावे चालणाऱ्या मुलखांतून आम्ही आलेलों. ऐन पिकांतून परक्यांसाठीं सोडलेला तो एक मीटर दिवसभर पायांखालीं असणें ही आम्हांस लहान गोष्ट वाटली नाहीं. कायद्याचा धाक असेल, नाहीं असें नाहीं. पण त्या वाटेवर शिपाई कोठेंही उभा नव्हता.

आतां वाटसरूचा यांतला वांटा कोणता? त्याच्यासाठीं मुख्य नियम एवढाच कीं, फाटक जसें आढळेल तसेंच ठेवावें. उघडें दिसलें म्हणून परोपकारबुद्धीनें लावून घेऊं नये. गुरांना पाण्याकडे जातां यावें म्हणून शेतकऱ्यानें तें मुद्दाम उघडें ठेविलेलें असूं शकतें. हा नियम वाटतो तितका सोपा नाहीं, उघडें फाटक पाहून हात शिवशिवतो. त्या दिवशीं सहा फाटकें आम्हीं उघडून पुन्हां लावलीं, आणि एक उघडें होतें तें उघडेंच सोडून पुढें गेलों.