मुखी आणि अध्यक्ष

चौदाव्या लुईने १६८५मध्ये नांतचा हुकूमनामा रद्द केला आणि फ्रान्सचे प्रोटेस्टंट, म्हणजे ह्युगेनो, देशोधडीला लागले. त्यांच्या वंशजांनी लंडनमध्ये ह्युगेनो सोसायटी काढली ती १८८५मध्ये, तब्बल दोनशे वर्षांनी. पहिले अध्यक्ष सर हेन्री लेयार्ड, निनेव्हेचे उत्खनन करणारे. (पूर्वज शोधायचे तर माणूस चांगलाच निवडला म्हणायचा!) सोसायटीची कल्पना निघाली ती मात्र फ्रेंच हॉस्पिटलच्या संचालकांमधून. आपल्यातल्या निराधारांसाठीचे हे आश्रयस्थान १७१८पासून चालू होते. आधी आधार, इतिहास मागाहून.

जळगावची सिंधी कॉलनी किंवा धुळ्याचे कुमारनगर पाहताना हा क्रम मनात येतो. पंजाब आणि बंगाल फाळणीत निदान काही अंशी तरी इकडे उरले. सिंध सबंध पलीकडे गेला. इकडे आलेल्यांना प्रांत नव्हता, म्हणून पंचायत हवी होती: सोयरीक जुळवायला, मयतीला चार माणसे उभी करायला, तंटा मिटवायला, नडलेल्याला हात द्यायला. पंचायतीच्या मुखीने, म्हणजे प्रमुखाने, वारशाची काळजी करायचे कारण नव्हते. वारसा घरोघर बोलला जात होता.

आता नातवंडे दुकानात मराठी आणि घरात बरेचदा हिंदी बोलतात. आजोबांची अरबी वळणाची लिपी त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नाही. १० एप्रिल १९६७ला सिंधी आठव्या अनुसूचीत आली खरी, पण अनुसूचीतून भाषा स्वयंपाकघरात उतरत नाही. चेटीचंडची, म्हणजे सिंधी नववर्षाची, मिरवणूक मात्र थाटात निघते. भाषा आक्रसली की उत्सवावरचा भार वाढतो, असे मला वाटते.

तरी जळगावच्या वर्सीपाशी मी थबकतो. संत कंवरराम हे भगत हा सिंधी गायनप्रकार गाणारे; सूफी कवींची पदेही ते गात. १ नोव्हेंबर १९३९ला सिंधमधल्या रुक स्थानकावर त्यांना गोळ्या घातल्या, फाळणीच्या आठ वर्षे आधी. त्यांच्या स्मरणार्थ जळगावात भरणाऱ्या वर्सीला गावोगावचे सिंधी येतात. अमेरिकेतल्या ह्युगेनो सोसायटीत शिरायचे तर पूर्वज सिद्ध करावा लागतो, कागदांनिशी. वर्सीला कोण कोणाचा हे विचारत नाहीत. या, ऐका, जेवून जा. वंशावळीपेक्षा पंगत मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यात परका माणूसही सामावतो.

कागद गोळा करणारी संस्थाही इथे कधीतरी निघेलच. एखाद्या मुखीचा नातू तिचा अध्यक्ष होईल आणि तिचे वार्षिक बहुधा मराठीत छापावे लागेल.