सोमवारचा विसावा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर महिरावणी मागे पडले, की डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर मोठा दिसू लागतो. तेथेच एका रविवारी, नुकते उजाडत असताना, डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एका वृद्धेने आम्हांला हाक मारून थांबविले. आम्ही चौघे, सारे पन्नाशीकडे झुकलेले, घामाने चिंब झालेले.

"काय रे बाबांनो, कुठं काय झालं? एवढं पळता कशापायी?"

"काही नाही आजी, सहज पळतोय," आम्ही म्हणालो.

"कुठवर?"

"त्या फाट्यापर्यंत. मग परत नाशिकला."

म्हातारी हसली. "म्हणजे कुठं जायचंच नाही तर!" असे म्हणून मोळी सावरीत ती आपल्या वाटेने निघून गेली.

तिच्या बोलण्यात उपहास नव्हता. समोर दिसले ते तिने बोलून दाखविले होते, एवढेच. परंतु उरलेल्या वाटेवर ते वाक्य आमची पाठ सोडीना. ज्या श्रमाने कोठे जायचे नाही, काही आणायचे नाही, त्या श्रमाची किंमत काय? आणि ज्यांना दररोज काहीतरी आणण्यासाठी चालावेच लागते, त्यांच्या डोळ्यांदेखत असे श्रम करण्याचा आम्हांला अधिकार काय? या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम आमच्या हौसेचे स्वरूप सांगितले पाहिजे. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, एकदा तरी धावावी असे आम्ही ठरविले होते. त्यासाठी आठवड्याचा एक तक्ता केला. मंगळवारी आठ किलोमीटर, तेही शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने. बुधवारी मैदानावर आठशे मीटरच्या सहा वेगवान फेऱ्या आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये हळू धावणे. गुरुवारी पुन्हा संथ आठ. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी पाय मोकळे करण्यापुरते सहा. रविवारी लांब पल्ला. प्रथम सोळा, मग अठरा, वीस, बावीस असा चढत जाणारा, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी केलेला. सोमवारी संपूर्ण विसावा. सगळी बेरीज पन्नास किलोमीटरच्या आसपास जाई.

या तक्त्यातील सर्वांत महत्त्वाचा वार कोणता असे विचारले, तर नवखा माणूस रविवार म्हणेल. आम्हीही तसेच समजत होतो. परंतु शरीराचा हिशेब निराळा आहे. लांब धावण्याने शरीर बळकट होत नाही. त्या वेळी ते थकते. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, त्यांत साठविलेली साखर संपत जाते. ही साखर साधारण तीस किलोमीटरच्या पुढे अगदी तळाला जाते आणि पाय एकाएकी शिशासारखे जड होतात. धावणारे लोक त्याला 'भिंत' म्हणतात. इजा भरून येते, साठा पूर्वीपेक्षा वाढतो, केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, ते सारे नंतर, झोपेत आणि विसाव्यात. श्रम हे केवळ निमंत्रण. वाढ होते ती विश्रांतीत. विसाव्यावाचून केलेला तोच श्रम शरीराला घडवीत नाही, झिजवितो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारा विचार तिच्यावरच उभा आहे.

आता पहिला प्रश्न. निरुपयोगी श्रम त्याज्य मानावेत काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्याच त्र्यंबक रस्त्याने पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या जातात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो माणसे ब्रह्मगिरीची फेरी पायी पूर्ण करतात आणि जेथून निघाली तेथेच परत येतात. मोळीचा हिशेब लावला, तर त्यांनाही कोठे जायचे नसते. मुलांचा खेळ, भजन, नाताळात दारोदार गायिलेली गीते, यांतून कोणते धान्य पिकते? माणसाच्या जीवनातील कितीतरी चांगल्या गोष्टी बाजारात मोजता येत नाहीत. तेव्हा निरुपयोग हा काही आमच्या हौसेवरचा खरा आरोप नव्हे.

त्याहून जवळचा आरोप अहंतेचा आहे. मनगटावरचे घड्याळ प्रत्येक किलोमीटरला किती मिनिटे लागली ते सांगते आणि मग माणूस आकड्यांचा दास होतो. वस्तुतः ज्या आकड्यासाठी आम्ही जीव टाकत होतो, त्याची जन्मकथा गमतीची आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनासमोरच्या जागेपर्यंत शर्यत ठेवली गेली, ती २६ मैल ३८५ यार्ड भरली. १९२१ मध्ये जागतिक संघटनेने तेच अंतर कायम केले. म्हणजे त्या १९५ मीटरांत पावित्र्य असे काही नाही. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना धावपटूचा दाखला घेतला; करिंथजवळ इस्थमियन स्पर्धा भरत असत आणि त्या लोकांना विजेत्याच्या डोक्यावरचा पानांचा मुकुट परिचयाचा होता. तो मुकुट कोमेजतो, याची आठवण पौल देतो. पण धावपटूच्या संयमाची तो थट्टा करीत नाही, उलट त्याच्यापासून शिकावयास सांगतो. यावरून आम्ही एवढेच घेतले, की दोष धावण्यात नाही, मुकुटाला अमर समजण्यात आहे. अहंतेवर इलाज आहे आणि तो धावणाऱ्याच्या स्वतःच्या हातात आहे.

दुसरा प्रश्न मात्र इतक्या सहजी सुटत नाही.

याच त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला, सावरपाडा नावाची आदिवासी वस्ती आहे. कविता राऊत तेथल्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य, २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव महाराष्ट्राला पाठ झाले. अनवाणी धावता येते, त्याला खर्च लागत नाही, म्हणून धावणे निवडले, असे त्यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे.

ही कथा सांगताना आपण शहरी माणसे एक चूक हटकून करतो. 'पहा, डोंगर चढून, पाणी वाहून पाय कसे बळकट झाले!' असे म्हणून आपण त्या कष्टांचेच कौतुक करू लागतो. परंतु पाणी वाहिल्याने पदके मिळत असती, तर तालुक्यातील घरोघरी पदके लटकली असती. पाणी त्या पाड्यांतील सगळ्याच मुलींनी वाहिले. कविता राऊत यांना त्याखेरीज आणखी काही मिळाले: नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक, आखलेला सराव, आणि आखलेला सराव म्हटला की आखलेला विसावाही आलाच. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांचे श्रम कमी नव्हते. त्यांच्या आठवड्यात सोमवार नव्हता.

२०२२ च्या जानेवारीत याच तालुक्यातील खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्याची छायाचित्रे सर्वत्र छापून आली होती. तास नदीच्या खोल घळीवर आडवे टाकलेले लाकडी बल्ले आणि डोक्यावर हंडा घेऊन त्यांवरून तोल सावरीत जाणाऱ्या बायका. गाजावाजा झाला, तातडीने लोखंडी पूल टाकला गेला, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. ती छायाचित्रे ज्यांनी पाहिली, त्यांना आमच्या 'शरीराचा तोल सुधारण्याच्या व्यायामां'विषयी बोलताना थोडी लाज वाटावी.

मग धावणे सोडावे काय? आम्ही चौघांनी यावर बराच खल केला. आम्ही घरी झोपून राहिल्याने शेंद्रीपाड्यात एक हंडाही पोचणार नाही, हे उघड होते. तेव्हा आमचे धावणे हा अन्याय नव्हता. ज्या अर्थी श्रमाने माणूस वाढतो की झिजतो हे विसाव्यावर ठरते, त्या अर्थी खरी विषमता आमच्या रविवारात नव्हती. ती आमच्या सोमवारात होती. थकवा आम्हांलाही येई आणि त्या मोळीवाल्या आजींनाही. पण आमचा थकवा आम्ही निवडलेला होता आणि त्याच्या शेजारी त्याची भरपाई लिहून ठेवलेली होती.

हा निष्कर्ष आम्हांला मोठा मार्मिक वाटला. तो आमच्यातील एकाने घरी जाऊन सांगितला, तेव्हा त्याची पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. शीतकपाटावर चिकटविलेल्या तक्त्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अहो, पाड्यावर कशाला जाता? रविवारी तुमचा लांब पल्ला, म्हणून मी चारला उठून चहा करते. दहाला तुम्ही येता, तेव्हा गरम नाश्ता हवा. दुपारी तुम्ही झोपता, तेव्हा मुलांना मी सांभाळते. उद्या तुमची विश्रांती. माझी विश्रांती यात कोणत्या वारी लिहिली आहे?"

त्याला उत्तर देता आले नाही. पुढच्या भेटीत आम्हां उरलेल्या तिघांनाही देता आले नाही. चारही घरांची कथा तीच होती. शिवाय धुणीभांडी करणाऱ्या बाई होत्याच, ज्यांचा खाडा झाला की पैसे कापण्याची आमच्या घरांतून रीत होती. सकाळच्या मिस्सेला आम्ही डोळे मिटून बसत असू; लोकांना ते ध्यान वाटे, पण ती झोप होती.

जुन्या करारातील विसाव्याची आज्ञा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तीत केवळ घरधन्याचे नाव नाही. मुलगा-मुलगी, दास-दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांची नावे घेतलेली आहेत. आणि अनुवादाच्या ग्रंथात कारणही दिले आहे, की तुम्ही स्वतः एकदा दास होता. म्हणजे विसावा ही एकट्याने घ्यावयाची वस्तू नव्हे. आपल्या विसाव्यासाठी दुसऱ्याचा विसावा खर्ची पडत असेल, तर ती आज्ञा पाळली असे म्हणता येणार नाही. हे आम्हांला ठाऊक होते. परंतु शीतकपाटावरच्या कागदाशी त्याचा संबंध असेल, असे कधी वाटले नव्हते.

त्यानंतर काही लहान बदल झाले. लांब पल्ला शनिवारी गेला. पहाटेचा चहा ज्याचा त्याने करावयाचा. रविवारचा स्वयंपाक आम्ही करतो. तो चांगला होतो असा आमचा दावा नाही. बाईंना आठवड्याला एक दिवसाची पगारी सुट्टी मिळते. ती देताना पहिल्या महिन्यात आमच्या मनात जी कुरकुर झाली, तीही येथे नोंदविली पाहिजे. चाळीस किलोमीटरच्या आठवड्यापेक्षा ती कुरकुर ओलांडणे कठीण गेले.

यामुळे पाड्यांवर पाणी पोचलेले नाही. ते काम पुलांचे, विहिरींचे, नळांचे आणि त्यांविषयी शासनाला सतत विचारीत राहण्याचे आहे. त्यातही आमचा वाटा आहे आणि तो अद्याप आम्ही नीट उचललेला नाही. जवळच्या दारातून सुरुवात झाली म्हणजे दूरच्या दाराचे ऋण फिटले, असे समजण्याची सोय माणसाचे मन लगेच शोधते. तिच्यापासून सावध राहिले पाहिजे.

शनिवारी आम्ही अजूनही अंजनेरीच्या फाट्यापर्यंत धावतो आणि परत येतो. त्या आजी पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या, तर 'सहज पळतोय' असे आता म्हणवणार नाही. कोठे जायचे आहे, हे तेव्हा आम्हांला माहीत नव्हते. परतून घरीच जायचे होते, आणि तेथे पोचायला आम्हांला पुष्कळ उशीर झाला.